गेरूची रेघ

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सकाळी शाळेची हजेरी चालू असताना वर्गाच्या दाराशी थांबलं, तर एखादा तरी राहुल ‘हजर’ म्हणतोच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या घराघरांत राहुल, सिद्धार्थ, गौतम, यशोधरा, महामाया ही नावं रुजली, आणि आता तिसरी-चौथी पिढी ती वागवते आहे. या नावांची मूळ माणसं, म्हणजे बाप, आई आणि मुलगा, एकाच चित्रात समोरासमोर उभी आहेत ती अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात. परभणीहून रेल्वेनं छत्रपती संभाजीनगर आणि तिथून रस्त्यानं आणखी शंभरेक किलोमीटर गेलं की वाघोरा नदीच्या वळणावर ते लेणं लागतं.

प्रसंग बौद्ध साहित्यात सविस्तर आला आहे. सिद्धार्थानं घर सोडलं तेव्हा राहुल तान्हा होता. सात वर्षांनी बुद्ध कपिलवस्तूला परत आले. सगळं राजघराणं त्यांच्या दर्शनाला गेलं, यशोधरा मात्र गेली नाही. आपल्यात काही गुण असेल तर ते स्वतः येतील, असं तिचं म्हणणं होतं, आणि बुद्ध खरोखरच तिच्या दालनात गेले. पुढं सातव्या दिवशी तिनं मुलाला नटवून सजवून बाहेर पाठवलं: ते बघ तुझे वडील, त्यांच्याकडं तुझा वारसा माग. मुलगा त्यांच्या मागोमाग विहारापर्यंत चालत गेला. बुद्धांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. मुलापाठोपाठ नातूही गेल्याचं ऐकून म्हातारे शुद्धोदन कळवळले. आईवडिलांना विचारल्याशिवाय कोणाच्याही लेकराला संघात घेऊ नये, एवढंच त्यांनी मागितलं. बुद्धांनी ते मान्य केलं आणि विनयाचा तो नियम झाला.

ज्या वाचकानं बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलं आहे, त्याला हे चित्र आणखी वेगळं दिसतं. त्या ग्रंथात सिद्धार्थ मध्यरात्री चोरपावलांनी निघून जात नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादातून तो परिव्राजक होतो आणि यशोधरेचा निरोप घेऊन जातो. तसं पाहिलं तर दारात मुलाला पुढं करून उभी असलेली बाई टाकून दिलेली बायको राहत नाही. आपल्या संमतीनं गेलेल्या माणसाकडं ती मुलाचा हिशेब मागते आहे.

चित्रात बुद्ध प्रचंड मोठे आहेत आणि आई-मुलगा त्यांच्यापुढं अगदी लहान. ही चूक नाही. चित्रकाराला जे मोठं वाटलं ते त्यानं मोठं काढलं. बुद्धांच्या अंगावर भगव्या छटेचं चीवर, मस्तकामागं प्रभावलय, वर छत्र धरणारी दिव्य आकृती, हातात भिक्षापात्र. राजवाड्याच्या दाराच्या चौकटीत यशोधरा दागिन्यांनी मढलेली आहे, मान वर करून पाहते आहे आणि पोराला पाठीमागून पुढं करते आहे. पोराची मान तर तिच्याहून अधिक उंचावलेली. बुद्धांचा चेहरा किंचित खाली झुकलेला आहे. सगळ्या भिंतीचा भार त्या झुकावात आणि त्या दोन वर वळलेल्या मानांत आहे, आणि तो भार रंगानं पेललेला नाही, रेघेनं पेलला आहे. दीड हजार वर्षांत रंग कुठं उडाले, कुठं काळवंडले. मानेची ती कमान अजून जागेवर आहे.

हे लेणं कोणी कोरवलं, हे त्याच्या दर्शनी भागातल्या संस्कृत शिलालेखात आहे. राजांमधला चंद्र असा हरिषेण पृथ्वीचं पालन करत असताना त्याच्या एका मांडलिकानं हा विहार करवला. त्या मांडलिकाचं स्वतःचं नाव झिजून गेलं आहे, पण त्याच्या धाकट्या भावाचं नाव टिकलं: रविसांब. हा भाऊ अकाली गेला आणि त्या दुःखातून थोरल्याचं मन दानधर्माकडं वळलं, असं लेख सांगतो. म्हणजे बाप-लेकाच्या भेटीचं हे चित्र भाऊ गमावलेल्या माणसानं करवलेल्या लेण्यात आहे. विषयाची निवड त्याची की भिक्षूंची, हे लेख सांगत नाही. पण त्या घरातलं दुःख कळल्यावर चित्र पाहणाऱ्याची नजर बदलते एवढं खरं.

हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, त्याआधी परभणी जिल्ह्याची उत्तर हद्द थेट वाशीमच्या मुलखाला भिडलेली होती. १९३९ मध्ये वाशीमलाच सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला आहे आणि त्यात दान दिलेलं गाव नान्दीकट विभागातलं, म्हणजे नांदेडकडचं आहे. वाशीम आणि नांदेड यांच्यामध्ये येतो तो जुना परभणी जिल्हाच. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख वाचून, तपासून, छापून हा सगळा काळ मराठी वाचकासमोर ठेवला नसता, तर अजिंठा ही दूरच्या कुठल्या तरी राज्याची गोष्ट वाटत राहिली असती. ती इथल्याच राज्याची गोष्ट आहे.

आता त्या रेघेकडं यायला हवं.

अजिंठ्याची भिंत कशी तयार झाली हे पडक्या जागीच नीट कळतं. आधी छिन्नीनं खडबडीत ठेवलेला कातळ. त्यावर माती, भाताचं तूस, काड्याकुड्यांचे तंतू आणि दगडाची पूड कालवून केलेला गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ, गुळगुळीत हात. मग गेरूची रेघ. चित्रकार कुंचला घेऊन थेट भिंतीवर संपूर्ण प्रसंग लाल रेघेत मांडत असे: कोण कुठं उभा, कोणाचा हात कुठवर, दाराची चौकट कुठं. त्यावर रंग चढत: पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा. शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेघेनं आकृत्या पुन्हा बांधून घ्यायच्या. म्हणजे आरंभही रेघेचा आणि शेवटही रेघेचा. मधला रंग झडला की पहिली लाल रेघ उघडी पडते. तिथं चित्रकारानं आधी एक हात काढून मग जागा बदललेली दिसली, की पंधराशे वर्षांपूर्वीचा माणूस विचार करताना सापडल्यासारखं वाटतं.

युरोपात हाच विचार कागदावर उरला. इटलीत तेराव्या शतकापासून फाब्रियानोच्या गिरण्या कागद बनवत होत्या, आणि पंधराव्या शतकात कागद इतका हाताशी आला की चित्रकार त्यावर मनसोक्त चुकू लागले. शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. आपल्याकडं पोथ्या लिहिणारे बोरूला काजळाची शाई वापरत. हिरडा आणि हिराकस घालून केलेली शाईही महाराष्ट्रात होती, आणि तिचं तत्त्व इटलीतल्या शाईसारखंच. ताजी असताना ती काळी दिसते, कालांतरानं तपकिरी पडते आणि दाट असली तर कागदच खाते. पिसाची लेखणी, ही शाई आणि कागदाचा एक तुकडा एवढ्यावर मरिया, बाळ येशू, योसेफ यांचं पवित्र कुटुंब शेकडो वेळा रेखाटलं गेलं.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लिओनार्दो दा विंचीचा असा एक कागद आहे, १४७८ ते १४८१ च्या दरम्यानचा. आईच्या मांडीवर बाळ आहे, आणि बाळानं एक मांजर कवटाळलं आहे. मांजर सुटायला धडपडतंय. मरियेचं डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला काढलेलं आहे. पुढची गंमत अशी की लिओनार्दोनं कागद उलटा केला, मागून दिसणाऱ्या रेघा गिरवून घेतल्या आणि तोच प्रसंग उलट्या दिशेनं पुन्हा जुळवून पाहिला. या मांजराचं पूर्ण झालेलं रंगचित्र आज कुठंही नाही. उरला तो हा कच्चा कागद, आणि आईच्या हाताची ओढ, बाळाची चुळबुळ हे सगळं त्यात आहे. राफाएलचाही एक कागद तिथं आहे, त्यावर आई आणि बाळ एकाच पानात अनेकदा काढलेले, प्रत्येक वेळी बाळ वेगळ्या तऱ्हेनं वळवळणारं. मायकेलअँजेलोनं मात्र मरण्याआधी आपली पुष्कळ रेखाटनं जाळली, असं त्याचा चरित्रकार वासारी लिहितो. आपली धडपड लोकांना दिसू नये म्हणून. त्याची पूर्ण चित्रं जगानं जपली, पण त्या जळालेल्या कागदांबद्दलची हळहळ अभ्यासकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

फ्लॉरेन्सच्या या परंपरेतलं कारागिरीचं ज्ञान चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका माणसानं लिहून ठेवलं. चेन्निनो चेन्निनी त्याचं नाव. तो बारा वर्षं अ‍ॅन्योलो गाद्दी याच्याकडं शिकला. अ‍ॅन्योलोचा बाप ताद्देओ हा थेट जोत्तोचा शिष्य. चेन्निनी शिकाऊ पोराला सांगतो: आधी लाकडी पाटीवर हाडाची पूड लावून रुप्याच्या टोकानं रेखाट, हात बसला की लेखणी धर, थोरांच्या चित्रांची नक्कल कर, पण निसर्गाचं बोट सोडू नको. भिंतीवर चित्र काढताना आधी कोळसा आणि मग गेरूची रेघ. चेहऱ्याच्या रंगाखाली हिरव्या मातीचा हात.

गेरूची रेघ आणि हिरवी माती. वाघोऱ्याच्या काठीही तेच.

चेन्निनीच्या या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवाद करणाऱ्या ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या स्वतः चित्रकार होत्या. अंड्याच्या बलकात रंग कालवून जुन्या इटालियन पद्धतीनं त्यांनी बोत्तिचेल्लीच्या प्रती केल्या होत्या, आणि १९०१ मध्ये टेम्पेरा चित्रकारांची संस्था काढण्यात त्यांचा पुढाकार होता. ही बाई १९०६ मध्ये अजिंठ्याला आली. इटलीच्या भिंतींचं व्याकरण ज्यांना हातानं ठाऊक होतं अशा फार थोड्या माणसांपैकी त्या एक होत्या, आणि लेण्यातल्या काळोखात दिव्याच्या उजेडात झडलेल्या रंगाखालची लाल रेघ ओळखायला तसाच हात लागतो. अजिंठ्याच्या नकलांच्या इतिहासात हा योग फार मोलाचा ठरला.

त्यांच्या आधी साठ वर्षं नकलांचं काम चालू होतं, आणि त्याची कहाणी जीव पिळवटणारी आहे.

२८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेतला जॉन स्मिथ हा अधिकारी इथं पोचला आणि १० क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर नाव कोरून गेला. पुढं तुकडे काढून नेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. एक तुकडा आज अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास फौजेतल्याच रॉबर्ट गिलला मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला करायला नेमलं. गिलनं वर्षानुवर्षं अजिंठ्यात काढली, आजार सोसले, संसार इथंच मांडला. तयार झालेली चित्रं लंडनला पाठवली. ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथं लागलेल्या आगीत जवळपास सगळी जळाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिलच्या जळालेल्या चित्रांचं काही उरलं का? उरलं. १८५६ मध्ये मिसेस स्पीर यांनी प्राचीन भारतावर लिहिलेल्या पुस्तकात जॉर्ज शार्फ या चित्रकारानं गिलच्या काही नकलांवरून केलेली लहान रेखाचित्रं छापली होती. भिंतीएवढे कॅनव्हास गेले आणि तळहाताएवढ्या रेघा राहिल्या.

मग मुंबई पुढं आली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्या-हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. पेस्तनजी बमनजी हा पुढं नावाजलेला चित्रकार त्याच मंडळींतला. बैलगाडीचा प्रवास, तंबूतला मुक्काम, वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र दर्प, मधमाश्यांची पोळी, आणि आत इतका अंधार की उजेड आत वळवल्याशिवाय रंग ओळखू येऊ नये. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवलं गेलं. त्यानं पुढं चित्रं पिवळी आणि काळपट झाली. हे नुकसान मोठं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये पुन्हा आग लागली आणि ग्रिफिथ्सच्या चमूच्या कितीतरी नकला तीत गेल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा भव्य ग्रंथ निघाला. त्यातल्या पानापानांवर छापलेली साध्या रेघेतली रेखाटनं, दागिने, हत्ती, छतावरच्या वेलबुट्ट्या, ही पुढच्या दोन पिढ्यांच्या चित्रकारांची शिदोरी झाली. जे.जे.त शिकलेल्या मराठी मुलांच्या हाताला अजिंठ्याचं वळण लागलं ते तिथपासून.

ग्रिफिथ्सचं नाव ग्रंथावर आहे. ज्या पोरांनी तेरा हिवाळे मान वर करून छतं उतरवून घेतली, त्यांची नावं मात्र बहुतेक वाचकांना ठाऊक नाहीत. हा अन्याय आहे, आणि तो भरून काढणं आजही शक्य आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचे वाचलेले कॅनव्हास आहेत.

हेरिंगहॅमबाई १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी हे सगळं पाहून पद्धत बदलली. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे के. वेंकटप्पा आले, हैदराबाद राज्यातले सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले, इंग्लंडहून डोरोथी लार्चर आली. तळ फर्दापूरला. रोज सकाळी लेण्यांकडं निघायचं, आधी भिंतीवरून रेघ उतरवून घ्यायची, ती कागदावर पक्की करायची आणि मगच रंगाला हात लावायचा. पेंटर मंडळी ज्याला खाका म्हणतात तेच हे काम. भगिनी निवेदितांनी नंदलालांना इथं यायला भाग पाडलं होतं, आणि जगदीशचंद्र बोस यांच्यासह त्या स्वतःही या तळावर येऊन गेल्या.

नंदलाल तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. अवनींद्रनाथांकडं ते जलरंगाच्या मऊ, धूसर छटा शिकलेले. अजिंठ्यानं त्यांना रेघ दिली. एका दमात खांद्यापासून कोपरापर्यंत उतरणारी, कुठं जाड कुठं बारीक होत स्नायूचा गोलावा दाखवणारी रेघ हात उतरवून घेत असतानाच कळते, नुसती पाहून कळत नाही. पुढं शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी पिढ्या घडवल्या, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी खेड्यातल्या माणसांची ठसठशीत भित्तिपत्रकं काढली, आणि भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची चित्रसजावट त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. संविधानाच्या त्या पानांमध्ये बुद्धांच्या जीवनातलाही एक प्रसंग आहे. फर्दापूरच्या तळावर कागदावर उतरवलेली रेघ चाळीस वर्षांनी तिथवर पोचली. असित हालदारांनी १९१३ मध्ये ‘अजंता’ हे बंगाली पुस्तक लिहिलं.

हेरिंगहॅमबाईंच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. १९११ मध्ये परत गेल्यावर त्यांचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षं त्यांनी रुग्णालयांत काढली. इंडिया सोसायटीनं १९१५ मध्ये त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या नकलांचा रंगीत आणि एकरंगी चित्रसंच काढला, तेव्हा त्या कामाचा आनंद घेण्याच्या अवस्थेत त्या नव्हत्या. चेन्निनीपासून अजिंठ्यापर्यंतची त्यांची वाट कोणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवी.

आगीनं आणि धरणीकंपानं अजिंठ्याच्या नकलांचा पिच्छा त्यानंतरही सोडला नाही. जपानचे आराई काम्पो पहिल्या महायुद्धाच्या काळात येऊन नकला करून गेले. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या कान्तो भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. लंडनमध्ये दोनदा आणि तोक्योत एकदा, अशा तीन आगींत वर्षानुवर्षांचे कष्ट गेले.

या सगळ्या काळात अजिंठा निजामाच्या राज्यात होतं, आणि परभणीही. औरंगाबाद, बीड, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या पाच मराठी जिल्ह्यांचा शेतसारा हैदराबादच्या त्याच तिजोरीत जात होता. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे परभणीवरून गेली आणि गोदाकाठच्या माणसाला औरंगाबाद जवळ आलं. १९१४ मध्ये संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. यझदानींनी आधी भिंती वाचवायचं मनावर घेतलं. १९२० ते १९२२ मध्ये त्यांनी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा पक्क्या केल्या, मागच्या पोकळ्या भरल्या, भिंती साफ केल्या, आणि वरून लाखेचं व्हार्निश दिलं. ते लाखेचं व्हार्निशही पुढं पिवळं पडलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते काढायला अलीकडची कित्येक वर्षं घालवावी लागली आहेत. तरीही त्या दोघांना सरसकट दोष देणं बरोबर नाही. त्यांनी धरून ठेवलेला गिलावा तेव्हाच कोसळला असता, तर आज साफ करायला भिंतच उरली नसती.

फर्दापूरच्या तळावर तरुणपणी रेघ उतरवायला शिकलेले सय्यद अहमद पुढं संस्थानच्या पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याचे अभिरक्षक झाले. आयुष्यभर त्याच भिंतींसमोर बसून त्यांनी नकला केल्या. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या संग्रहालयात अजिंठ्याच्या नकलांचं वेगळं दालन आहे. यझदानींचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत पुरा झाला. संस्थान संपलं, राज्यं बदलली, तरी काम थांबलं नाही.

इकडं सातारा भागात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९१६ मध्ये त्यांचं ‘चित्ररामायण’ निघालं होतं. त्यांनी चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्याला मुक्काम केला आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावरचं हस्तपुस्तक काढलं. औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात युरोपातल्या थोर चित्रांच्या नकला आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. एका मराठी गावात, एकाच छपराखाली, दोन्ही परंपरा पाहता याव्यात ही त्या राजाची दृष्टी किती मोठी होती!

इटलीत रेघेची किंमत कळायला एक दुर्घटना घडावी लागली. २७ जुलै १९४४ ला पिसाच्या काम्पोसान्तो या जुन्या दफनभूमीच्या इमारतीवर तोफगोळा पडला, लाकडी छत पेटलं आणि छतावरचं शिसं वितळून भिंतीवरच्या चित्रांवर ओघळलं. वाचलेली चित्रं भिंतीपासून सोडवून घेताना खालची गेरूची रेखाटनं पहिल्यांदाच उजेडात आली. त्या रेघा इतक्या जिवंत होत्या की त्यांच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय काढलं गेलं. अभ्यासकांना तिथं चित्रकाराच्या मनातला पहिला बेत दिसतो, वरच्या रंगात नंतर केलेले बदलही कळतात.

अजिंठ्याच्या रेघेसाठी असं घर अजून नाही. गेरूचे उघडे पडलेले भाग, ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची रेखाटनं, हेरिंगहॅमच्या चमूचे खाके, सय्यद अहमदांच्या नकला यांच्या निदान चांगल्या छापील प्रती मराठवाड्यात एका जागी मांडायला काय हरकत आहे? परभणीच्या चित्रकला शिक्षकाला आपल्या वर्गाला नेण्यासाठी हैदराबाद आणि लंडन ही दोनच ठिकाणं असावीत हे बरोबर नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी हजारो मुलं दर वर्षी या भागातून तयार होतात, आणि स्मरणचित्रासाठी पेन्सिल धरणाऱ्या त्या हातांना ही रेघ जवळून पाहायला मिळाली पाहिजे.

प्रत्यक्ष लेण्यात जाणाऱ्यानं काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि फ्लॅशला मनाई आहे, कारण रंगाला प्रखर प्रकाश सोसत नाही. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ द्यावा लागतो, आणि गर्दीच्या दिवशी तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून सकाळी लवकर पोचावं. १७ क्रमांकाच्या ओसरीत आणि मंडपात जातककथांची दाटी आहे. आपली मुलंही दान करणाऱ्या वेस्संतर राजपुत्राची गोष्टही याच लेण्यात आहे. ती पाहून पुढं गर्भगृहासमोरच्या अंतराळात जायचं. तिथं बुद्ध, यशोधरा आणि राहुल आहेत. आधी पूर्ण चित्र पाहावं, मग जवळच्या ज्या जागी रंग झडला आहे तिथं नजर नेऊन गेरूची रेघ शोधावी. तीच घटना शेजारच्या १९ क्रमांकाच्या चैत्याच्या दर्शनी भागात दगडात कोरलेली आहे. ती भर उजेडात असल्यानं आई, मुलगा आणि भिक्षापात्र तिथं स्वच्छ दिसतात. दोन्ही एकाच फेरीत पाहून होतात.